विश्लेषण : ‘डोरेमॉन’चा शेवटचा भाग नेमका कोणता? निरोप लिहून तो मागे घेणाऱ्या फुजिमोटोंची गोष्ट

सात वर्षांच्या भाचीने परवा जेवता जेवता घास हातात धरूनच मला विचारलं, की नोबिता खरंच कोमात असतो का आणि डोरेमॉन त्याला फक्त स्वप्नात दिसतो का. मोबाइलवर तिला जेमतेम अर्ध्या मिनिटाचा एक व्हिडिओ दिसला होता. ‘डोरेमॉनचा शेवटचा भाग’ असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. मला हसू आलं नाही, कारण मीही तिच्याएवढा असताना हीच गोष्ट ऐकली होती. तेव्हा ती शाळेच्या रिक्षात फिरत होती, आता मोबाइलवर फिरते, एवढाच फरक.

मी तिला खोटं आहे म्हणून सांगितलं, पण मग खरा शेवट काय, हा तिचा पुढचा प्रश्न होता. तो सोडवायला मी रात्री बसलो आणि १९९७ सालचा एक जुना डोरेमॉनपट पुन्हा पाहिला. हा चित्रपट ज्यांच्या चित्रकथेवरून बनला, ते तो पडद्यावर येण्याआधीच गेले होते. त्यांचं नाव हिरोशी फुजिमोटो. जग त्यांना ‘फुजिको एफ. फुजिओ’ या टोपणनावाने ओळखतं. डोरेमॉनचा शेवट कुठे आहे हे कळायला त्यांचं आयुष्य पाहावं लागतं.

अफवा काय, वस्तुस्थिती काय?

नोबिता कोमात आहे, नोबिताला मानसिक आजार आहे, डोरेमॉनची बॅटरी संपते आणि नोबिता मोठा होऊन त्याला दुरुस्त करतो... डोरेमॉनचे असे अनेक शेवट सांगितले जातात. यातला एकही फुजिमोटोंनी लिहिलेला नाही. त्यांनी मूळ मालिकेत निरोपाचे तीन भाग मात्र नक्की काढले. तिन्ही १९७० च्या दशकातल्या पहिल्या चार-पाच वर्षांतले आहेत आणि तिसरा त्यांनी पुढच्याच महिन्यात फिरवला. त्यानंतर वीस-बावीस वर्षं ते डोरेमॉन काढत राहिले. मालिका पूर्ण झाली, असं त्यांनी कधीच जाहीर केलं नाही.

फुजिमोटो कोण होते?

१ डिसेंबर १९३३ रोजी जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या तोयामा प्रांतात, ताकाओका या गावी त्यांचा जन्म झाला. ताकाओका हे तांब्या-पितळेच्या ओतकामासाठी प्रसिद्ध गाव. फुजिमोटो अंगाने किरकोळ, अबोल आणि वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढत बसणारा मुलगा. १९४४ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, त्यांच्या वर्गात एक नवा मुलगा आला. मोतो आबिको. हिमी गावातल्या एका बौद्ध मंदिराच्या पुरोहिताचा हा मुलगा वडील वारल्यामुळे ताकाओकाला आला होता. तोही चित्रं काढायचा. दोघांची गट्टी जमली आणि ती पुढे चार दशकांहून जास्त टिकली.

१९४७ मध्ये ओसामु तेझुका यांचं ‘नवं खजिना बेट’ हे चित्रकथेचं पुस्तक आलं. आपल्याकडे एखाद्या पिढीने पहिल्यांदा रंगीत टीव्ही पाहावा, तसा त्याचा परिणाम जपानी मुलांवर झाला. कागदावरची चित्रं हलताहेत असं वाटायला लागलं. या दोघांनी मग हाताने लिहून-काढून स्वतःचं मासिक सुरू केलं. प्रत एकच. तीच मित्रांमध्ये फिरायची.

१९५१ च्या अखेरीस, शाळेत असतानाच, मुलांसाठीच्या एका दैनिकात त्यांची चार चौकटींची मालिका छापून आली. पुढे त्यांनी तेझुकांच्या घरी जाऊन स्वतःची चित्रं त्यांना दाखवली. तेझुकांवरची भक्ती इतकी, की पहिल्या पुस्तकासाठी (१९५३) त्यांनी नाव घेतलं ‘आशिझुका फुजिओ’. जपानीत ‘ते’ म्हणजे हात आणि ‘आशि’ म्हणजे पाय. गुरू हात, तर आपण पाय. आपल्याकडे पायाची धूळ म्हणतात, त्याच्याच जवळपास जाणारा विनय.

नंतरचं ‘फुजिको फुजिओ’ हे नाव दोघांच्या नावांचे तुकडे जोडून केलं. फुजिमोटोमधला ‘फुजि’, आबिकोमधला ‘को’, पुन्हा ‘फुजि’ आणि मोतोमधला शेवटचा ‘ओ’. कमाई कोणाच्याही कामाची असो, अर्धी-अर्धी वाटायची, हा नियमही तेव्हाचाच.

नोकरी सोडून चित्रकथेकडे का?

फुजिमोटोंनी नोकरी केली, पण मोजून काही दिवस. शाळा संपल्यावर ते एका मिठाईच्या कारखान्यात लागले. तिथे काम करताना हाताला दुखापत झाली आणि त्यांनी नोकरी सोडली. चित्र काढणाऱ्या माणसाने हात गमावला तर उरतं काय, हा त्यांचा हिशेब. आबिको मात्र स्थानिक वृत्तपत्रात लागले होते आणि तिथे रमलेही होते. १९५४ मध्ये दोघे सगळं सोडून टोकियोला गेले.

त्याच वर्षी ते तोकिवा-सो या दुमजली लाकडी इमारतीत राहायला आले. चित्रकथेच्या जगात या इमारतीला तीर्थक्षेत्राचा मान आहे. साडेचार चटयांची खोली, म्हणजे आपल्या मापाने साधारण ८० चौरस फूट. फुजिमोटो-आबिकोंना मिळालेली खोली आधी खुद्द तेझुकांची होती. खोली सोडताना त्यांनी आपलं टेबल आणि भरलेली अनामत रक्कम या पोरांसाठी तशीच ठेवली. पुढे शोतारो इशिनोमोरी, फुजिओ आकात्सुका अशी जपानी चित्रकथेतली मोठी नावं याच इमारतीत राहून गेली. मूळ इमारत १९८२ मध्ये पाडली गेली. २०२० मध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती उभारून तिथे संग्रहालय करण्यात आलं.

एका सुट्टीत सगळं कसं गेलं?

ही गोष्ट मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात माणसासारखी वाटते. १९५५ च्या नववर्षाला दोघे सुट्टीसाठी गावी गेले. हातात एकाच वेळी अनेक मासिकांचं काम होतं. घरचं जेवण, उबदार अंथरूण, कौतुक करणारे नातेवाईक... पानं काही पूर्ण होईनात. संपादकांच्या तारा येत राहिल्या आणि मुदती एकामागून एक टळत गेल्या. परत आले तेव्हा बहुतेक कामं हातची गेली होती. जवळपास वर्षभर मोठ्या मासिकांची दारं त्यांना बंद झाली.

वेळेचं गणित न जमणारा, उद्यावर ढकलणारा, मग घाबरून मदत शोधणारा नोबिता कुठून आला, हे समजायला याहून जास्त पुरावा लागू नये. फुजिमोटोंनीही नोबितामध्ये आपलं लहानपण आहे हे लपवलं नाही. खेळात कच्चा, भांडणात मार खाणारा मुलगा म्हणजे आपणच, हे त्यांनी मान्य केलं होतं.

पहिलं मोठं यश १९६४ मध्ये ‘ओबाके नो क्यू-तारो’ या भुताच्या मालिकेने दिलं. एका साध्या कुटुंबात राहायला आलेलं, भित्रं, खादाड भूत. दुसऱ्याच वर्षी त्यावर टीव्ही मालिका आली आणि देशभर त्याचं वेड पसरलं. घरात घुसून राहिलेला विचित्र पाहुणा हा डोरेमॉनचा साचा इथेच तयार झाला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मात्र वारं बदललं. मोठ्या वाचकांसाठी गडद, वास्तववादी चित्रकथा चालू लागल्या. फुजिमोटोंच्या गोल-गोल, गोड रेषा जुन्या वाटू लागल्या. १९६९ मध्ये त्यांनी मोठ्यांसाठी एक विज्ञानकथा काढून पाहिली. तिच्यातल्या ग्रहावर गाईगुरांसारखे प्राणी माणसांना खाण्यासाठी पाळतात. कथा गाजली, त्या प्रकारच्या कथा ते पुढेही काढत राहिले. पण जीव मुलांच्या मासिकांतच होता.

डोरेमॉन जन्मला कसा?

१९६९ च्या शेवटी पुढच्या अंकापासून नवी मालिका येतेय अशी जाहिरात मासिकांत छापून आली. जाहिरातीत टेबलाचा खण उघडतो आणि एक मुलगा दचकतो. खणातून कोण आलं, ते चित्रात नव्हतंच, कारण कोण येणार हे खुद्द फुजिमोटोंनाही ठरवता आलं नव्हतं! मुदत अगदी तोंडावर आली. कल्पना तयार करून देणारं यंत्र असतं तर, असं म्हणत त्यांनी एका मांजराच्या पिसवा काढण्यात वेळ घालवला, मग झोपून गेले. सकाळी घाबरून जिना उतरताना पाय मुलीच्या खेळण्याला अडखळला. कितीही ढकललं तरी पुन्हा उभी राहणारी गोल बाहुली होती ती. मांजर अधिक बाहुली, झाला डोरेमॉन. हा किस्सा फुजिमोटोंनीच नंतर एका छोट्या चित्रकथेत रंगवून सांगितला. त्यात मीठमसाला असेलच, पण पात्राशिवायची ती जाहिरात खरी आहे.

‘डोरा’ म्हणजे उनाड, भटक्या मांजरासाठीचा शब्द आणि ‘एमॉन’ हा जुन्या काळातल्या पुरुषी नावांचा शेपटाकडचा भाग. आपल्याकडे बोक्याला ‘बोकोजीराव’ म्हणावं, तसं काहीसं. डोरेमॉनची उंची १२९.३ सेंटिमीटर. त्या काळच्या जपानी चौथीतल्या मुलांची सरासरी उंची तेवढी होती, असं सांगितलं जातं. नोबिताला मान वर करून पाहावं लागू नये, म्हणून तो त्याच्याच उंचीचा. वजनही १२९.३ किलो आणि जन्मतारीख ३ सप्टेंबर २११२. आकडे एकदा ठरले की सगळीकडे तेच वापरायचे, हा खोडकरपणा इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला लगेच आवडतो.

निरोपाचे तीन भाग कोणते?

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागेल. ‘शेवटचा भाग’ हा सगळा घोळ तिच्यातूनच सुरू होतो.

डोरेमॉन जानेवारी १९७० च्या अंकापासून सुरू झाला, तो एका मासिकात नव्हे तर एकदम सहा मासिकांत. शोगाकुकान ही प्रकाशन संस्था इयत्तेनुसार मासिकं काढायची. बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी दोन, मग पहिली, दुसरी, तिसरी आणि चौथीसाठी प्रत्येकी एक. फुजिमोटो दर महिन्याला त्या त्या वयाला झेपेल अशी वेगळी गोष्ट काढत. जपानमध्ये शाळा एप्रिलमध्ये सुरू होते. म्हणजे दर एप्रिलला मुलं एक इयत्ता पुढे सरकायची आणि मासिकही बदलायचं. पाचवीच्या मासिकात सुरुवातीला डोरेमॉन नव्हताच. चौथीतल्या मुलांसाठी मार्चचा अंक हा डोरेमॉनशी शेवटची भेट असायची.

म्हणून मार्च १९७१ च्या चौथीच्या अंकात पहिला निरोप आला. भविष्यातून येणारे पर्यटक भूतकाळात धुमाकूळ घालतात, त्यामुळे कालप्रवासावर बंदी येते आणि डोरेमॉनला परतावं लागतं. मार्च १९७२ च्या चौथीच्या अंकात दुसरा. डोरेमॉन बिघडल्याचं सोंग घेतो आणि नोबिता कोणाच्या मदतीशिवाय सायकल शिकू पाहतो. हे निरोप फक्त वरच्या वर्गात जाणाऱ्या मुलांसाठी होते. त्याच महिन्यात तिसरीच्या, दुसरीच्या मासिकात डोरेमॉन नेहमीसारखा खिशातून वस्तू काढत होता! शेवटचा भाग कोणता, याचं उत्तर तुम्ही कितवीत आहात यावर अवलंबून होतं.

तिसरा निरोप वेगळा होता. १९७३ मध्ये डोरेमॉन पहिल्यांदा टीव्हीवर आला आणि आपटला. एप्रिल ते सप्टेंबर अशी जेमतेम सहा महिने ती मालिका चालली. ती बनवणारी कंपनीही बंद पडली. भारतात आपण पाहिलेल्या मालिकेशी तिचा काही संबंध नाही. त्यानंतरच्या मार्चमध्ये, १९७४ च्या तिसरीच्या अंकात, ‘सायोनारा डोरेमॉन’ आला. या वेळी थांबावं आणि नवं काहीतरी सुरू करावं, असा विचार फुजिमोटोंच्या मनात होता.

त्या भागात डोरेमॉन उद्या भविष्यात परतणार असतो. आपल्यावाचून नोबिताचं कसं होईल, या काळजीने त्याला झोप लागत नाही. आपण एकटे सांभाळू शकतो हे त्याला दाखवायला नोबिता रात्री मैदानात जियानशी मारामारी करतो. मार खातो, पडतो, पुन्हा पाय धरतो. शेवटी जियानच कंटाळून हार मानतो. सकाळी डोरेमॉन गेलेला असतो. लहानपणी हा भाग पाहून रडलो नाही असं म्हणणारा माझ्या वयाचा माणूस मला अजून भेटलेला नाही.

पण फुजिमोटोंच्या डोक्यातून डोरेमॉन जाईना. एप्रिल १९७४ च्या चौथीच्या अंकात त्यांनी त्याला परत आणलं. म्हणजे तिसरीत असताना ज्या मुलांनी निरोप वाचला, तीच मुलं चौथीत गेल्यावर पहिल्याच अंकात तो परतला. महिना एप्रिलचा, म्हणून गोष्टही एप्रिल फूलची. डोरेमॉन परत आलाय असं सांगून जियान नोबिताला फसवतो. चिडलेला नोबिता डोरेमॉनने मागे ठेवलेलं एक औषध पितो. ते प्यायल्यावर बोललेलं सगळं खोटं ठरतं. बदला घेऊन झाल्यावर तो रडत घरी येतो आणि म्हणून टाकतो की डोरेमॉन आता कधीच परत येणार नाही. पुढचं सांगायला नको.

त्याच वर्षी ऑगस्टपासून डोरेमॉनच्या गोष्टी पुस्तकरूपात येऊ लागल्या. सुरुवातीचा बेत सहा खंडांचाच होता, म्हणून सहावा खंड निरोपाच्या भागावर संपतो. खंड धडाधड खपले, सातवा काढावा लागला आणि तो डोरेमॉनच्या परतण्याने सुरू होतो. एकूण खंड झाले ४५.

टीव्हीवर दुसऱ्यांदा कसा जमला?

पहिल्या अपयशाने फुजिमोटो सावध होते. शिन-एइ अ‍ॅनिमेशन ही कंपनी पुन्हा विचारणा करायला आली, तेव्हा त्यांनी तुम्ही नेमकं काय करणार ते लिहून द्या, अशी अट घातली. तो लेखी आराखडा लिहिला इसाओ ताकाहाता यांनी. पुढे स्टुडिओ जिब्ली उभा करणाऱ्यांपैकी आणि ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ काढणारे, तेच ताकाहाता. २ एप्रिल १९७९ पासून टीव्ही आसाहीवर मालिका सुरू झाली आणि यावेळी ती थांबली नाही. भारतात ती २००५ मध्ये हंगामा टीव्हीवर हिंदीत आली. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून टीव्हीसमोर बसणारी आमची पिढी त्यातूनच तयार झाली. आमच्या घरात मराठी बोलता बोलता मध्येच नोबिताच्या हिंदीत रडगाणं गाण्यावरून मी भरपूर बोलणी खाल्ली आहेत.

चित्रपट कसे सुरू झाले?

१५ मार्च १९८० रोजी ‘नोबिताचा डायनासोर’ हा पहिला चित्रपट आला. त्याचं मूळ १९७५ च्या एका छोट्या गोष्टीत आहे. नोबिता भलतीच पैज लावून जीवाश्म शोधायला निघतो, त्याला अंडं सापडतं, पांघरुणात उबवून त्यातून पिलू निघतं. त्याचं नाव पिसुके. चित्रपटात गोष्ट मोठी झाली. पिसुकेला त्याच्या काळात सोडायला गेलेली ही पोरं चुकून उत्तर अमेरिकेत पोहोचतात, कालयंत्र बिघडतं आणि त्यांना तिथून जपानपर्यंत जमिनीवरून यावं लागतं. तेव्हाचे भूखंड जोडलेले होते, म्हणून हे शक्य आहे असं डोरेमॉन समजावतो. मुलांच्या करमणुकीत भूगर्भशास्त्र असं सहज पेरणं हा फुजिमोटोंचा हातखंडा.

पिसुके फुताबासॉरस जातीचा. १९६८ मध्ये फुकुशिमा प्रांतातल्या इवाकी इथे तादाशी सुझुकी या शाळकरी मुलाला त्याचं जीवाश्म सापडलं होतं. शाळकरी मुलाने शोधलेला प्राणी नोबिताच्या हाती देण्यामागे फुजिमोटोंचं डायनासोरवेड होतं. (काटेकोर बोलायचं तर हा लांब मानेचा सागरी सरपटणारा प्राणी, डायनासोर नव्हे.) शास्त्रज्ञांनी त्याला ‘फुताबासॉरस सुझुकी’ हे अधिकृत नाव दिलं २००६ मध्ये. चित्रपटाची नवी आवृत्तीही त्याच वर्षी आली.

तेव्हापासून दर वर्षी मार्चमध्ये, शाळांच्या सुट्टीत, एक डोरेमॉनपट हा पायंडा पडला. आधीच्या शरदापासून फुजिमोटो त्याची लांब चित्रकथा ‘कोरोकोरो कॉमिक’मध्ये हप्त्याहप्त्याने काढत आणि त्यावरून चित्रपट बनत जाई. म्हणजे दर सप्टेंबरला नवी मुदत. १९५५ साली मुदती बुडवणारा माणूस पुढे जवळजवळ मरेपर्यंत अशा मुदती पाळत राहिला.

जोडी का फुटली?

१९८६ मध्ये फुजिमोटोंवर पोटाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. १९८७ च्या अखेरीस दोघांनी वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. भांडण नव्हतं. दोघांच्या कामाच्या वाटा केव्हाच वेगळ्या झाल्या होत्या. आबिको गडद, मोठ्यांच्या गोष्टींकडे वळले होते आणि डोरेमॉन पहिल्यापासून एकट्या फुजिमोटोंचा होता, फक्त सही दोघांची होती. उद्या एक गेला तर हक्कांचं आणि पैशांचं काय, हा घरच्यांना छळू शकणारा प्रश्नही वेळेत सोडवायचा होता. वेगळे झाल्यावर एकाने नावात ‘ए’ जोडला, दुसऱ्याने ‘एफ’. आबिको २०२२ पर्यंत जगले.

१९८८ च्या चित्रपटाची लांब चित्रकथा आजारपणामुळे फुजिमोटो काढू शकले नाहीत. बाकी सगळी वर्षं ते काढत राहिले.

अर्धवट राहिलेला चित्रपट कोणता?

‘नोबिता आणि नेजिमाकी सिटी’. परवा मी पाहिला तो हाच. ‘नेजिमाकी’ म्हणजे चावी देऊन चालणारं. नोबिताला भविष्यातल्या सोडतीत लघुग्रहांची कुपनं मिळालेली असतात. बहुतेक लघुग्रह नुसते दगड निघतात, पण एक हिरवागार निघतो. डोरेमॉनकडे एक ‘जीवनाचा स्क्रू’ असतो. तो लावला की खेळणं जिवंत होतं. मुलं आपापली कापडी, लाकडी खेळणी त्या ग्रहावर नेतात आणि ती खेळणी स्वतःचं शहर उभारतात. तेवढ्यात तुरुंगातून पळालेला एक गुन्हेगार तिथे पोहोचतो आणि चुकून त्याच्या बऱ्याच नकला तयार होतात. त्यातली एक नक्कल स्वभावाने चांगली निघते, हे फार फुजिमोटो-छाप.

सप्टेंबर १९९६ च्या अंकापासून ही कथा सुरू झाली होती. २० सप्टेंबरला फुजिमोटो घरी टेबलाशी काम करत होते. घरच्यांना ते तिथेच बेशुद्ध सापडले. २३ सप्टेंबरला यकृत निकामी होऊन त्यांचं निधन झालं. वय ६२. कथेचे पुढचे हप्ते त्यांच्या सहाय्यकांनी त्यांच्या टिपणांच्या आधारे पूर्ण केले आणि ८ मार्च १९९७ ला चित्रपट ठरल्या सुट्टीत पडद्यावर आला.

त्यात एक पात्र आहे, बीज पेरणारा. कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीवर जीवनाचं बीज आपणच टाकलं, असं तो नोबिताला सांगतो आणि अखेर हा ग्रह त्याच्यावर सोपवून निघून जातो. अनेक चाहते याला फुजिमोटोंचा निरोप मानतात. मला ते ओढूनताणून वाटतं. निरोप कसा लिहायचा हे त्यांना माहीत होतं, तो त्यांनी तीनदा लिहिला होता. १९९६ च्या सप्टेंबरात ते नेहमीसारखे पुढच्या मार्चच्या मागे लागले होते, इतकंच. चित्रपट म्हणूनही हा त्यांच्या उत्तम कामांत बसत नाही. मधला भाग रेंगाळतो, नकलांचा गोंधळ जरा जास्त होतो. पण कापडी डुकरं आणि लाकडी घोडे पहिल्यांदा डोळे उघडतात, तेव्हा मी पडदा थांबवला नाही आणि फोनही पाहिला नाही.

मग बॅटरीची गोष्ट आली कुठून?

इंटरनेटवरून. १९९० च्या दशकात जपानमधल्या एका चाहत्याने आपल्या कल्पनेने शेवट लिहिला. डोरेमॉनची बॅटरी संपते, बदलली तर आठवणी पुसल्या जातील, कारण राखीव स्मृती कानांत होती आणि कान तर उंदराने केव्हाच कुरतडलेले. मग नोबिता झटून अभ्यास करतो आणि रोबो अभियंता होऊन मित्राला जागं करतो. २००५ मध्ये दुसऱ्या एका चाहत्याने यावर हुबेहूब मूळ शैलीत चित्रकथा काढली. तिच्या १३ हजारांहून अधिक प्रती खपल्या आणि अनेकांना ती खरीच वाटली. प्रकाशकांनी आक्षेप घेतल्यावर २००७ मध्ये त्याने माफी मागून नफ्याचा काही भाग देऊ केला. आमच्या इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलमध्ये हीच गोष्ट शपथेवर खरी म्हणून सांगितली जायची. अभ्यास करून मित्र परत मिळतो, हा शेवट आम्हाला का पटला असेल, ते वेगळं सांगायला नको.

२०१४ च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ या थ्रीडी चित्रपटात निरोपाचा आणि परतण्याचा भाग जोडून घेतला आहे. त्यामुळे तो शेवट आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्या दोन्ही गोष्टी १९७४ च्याच. आज डोरेमॉनचे नवे चित्रपट येतात, त्यावर मूळ कथाकार म्हणून नाव फुजिमोटोंचंच असतं. ते राहायचे त्या कावासाकी शहरात त्यांचं संग्रहालय आहे आणि तिथे त्यांचं टेबल ठेवलं आहे. संग्रहालय उघडलं २०११ मध्ये, तारीख ३ सप्टेंबर. म्हणजे डोरेमॉनचा वाढदिवस, फक्त १०१ वर्षं आधी.

काल रात्री भाचीला निरोपाचा भाग दाखवला. ती गप्प झाली. दुसरा भाग लगेच लावावा लागला, मला जेवायलाही उठू दिलं नाही. जपानमधल्या तिसरीच्या मुलांना त्यासाठी महिनाभर थांबावं लागलं होतं, हे मी तिला सांगितलं. तिला ते काही खरं वाटलं नाही.